तिसरा गिअर सुटतो तेव्हा

सात दिवस ज्ञानेश गाडीत बसला आणि सात दिवसांत गिअर एकदाही सुटला नाही.

शुक्रवारी दुपारी बाप-लेक कुंभवलीला घरी आले. ज्ञानेशने गाडीची किल्ली काढून दारामागच्या खिळ्याला अडकवली, हातपाय धुतले आणि जेवायला बसला. त्याची बायको प्रतीक्षा वाढत होती. जेवण संपलं की विषय निघणार हे खंडेरावला कळत होतं. त्याने मुद्दाम सावकाश खाल्लं.

ठरलं होतं ते असं. ज्ञानेशने कारखान्यातून आठवड्याची रजा काढायची आणि रोज बापाबरोबर फेरीला जायचं. तिसरा गिअर सुटला, तर दोष गाडीत आहे. गाडी पुन्हा गॅरेजला न्यायची. नाही सुटला, तर खंडेरावने गाडी चालवणं सोडायचं आणि किल्ली ज्ञानेशकडे द्यायची. दोष गाडीत नसेल तर मग कशात, हे दोघांपैकी कुणी बोललं नव्हतं.

खंडेराव मूळचा माण तालुक्यातला. तीस वर्षं त्याने तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात काढली. निवृत्त झाल्यावर ही जुनी डिझेलची पिकअप घेतली. मनोरच्या पलीकडच्या पाड्यांवरून भाजी उचलायची आणि पालघर-बोईसरच्या बाजारात पोचवायची, हे काम. गाडी खंडेरावची पण धंदा त्याच्या बायकोचा, मैनाबाईचा, असं पाड्यावरच्या बायका म्हणायच्या, आणि ते खरंच होतं. कुणाच्या वेलाला आता काकडी लागलीय, कुणाची गवार संपत आलीय, कुणाच्या घरी लग्न आहे म्हणून यायला उशीर होणार, हे सगळं मैनाबाईच्या डोक्यात असे. ती रोज त्याच्या शेजारी बसायची. गाडीत बसली की चपला काढून ठेवायची. केबिनच्या पत्र्यातून इंजिनाची धग पायाला लागते म्हणून तिनेच खाली कन्व्हेअर बेल्टचा तुकडा अंथरला होता. कारखान्यांतून निघालेला जुना बेल्ट कुंभवलीत घरोघरी असतो. कुणी उंबऱ्याशी टाकतं, कुणी गोठ्यात. तिने दिवाळीच्या सुमाराला घरी बसून कोयत्याने तो मापात कापला आणि गिअरच्या दांड्यापुरतं भोक पाडलं.

माघात तिला कावीळ झाली. नवव्या दिवशी पालघरच्या दवाखान्यात सगळं संपलं.

त्यानंतर महिना-सव्वा महिना गाडी अंगणात उन्हात उभी होती. खंडेराव तिच्याकडे बघायचाही नाही. शेवटी पाड्यावरून फोन येऊ लागले, तेव्हा चैत्रात त्याने गाडी बाहेर काढली. आणि पहिल्याच आठवड्यात गिअर सुटला.

ज्याने जड गाडी चालवली नाही त्याला यातली भीती सांगावी लागेल. उतारावर माणूस नुसत्या ब्रेकच्या भरवशावर राहत नाही. गाडी तिसऱ्यात ठेवली की इंजिनच तिला धरून ठेवतं, धावू देत नाही. अशी गाडी निवांत उतरत असताना खट् असा आवाज होतो, दांडा आपोआप मागे येऊन न्यूट्रलला उभा राहतो, इंजिनाचा आवाज एकदम बसतो, आणि हौद्यात टनभर माल भरलेली गाडी मोकळी सुटते. दांडा पुन्हा पुढे ढकलेपर्यंत तिने वेग घेतलेला असतो आणि मग गिअर पडता पडत नाही.

बेटेगावच्या गॅरेजवाल्या विपुलने तीन वेळा गिअरबॉक्स उतरवला. पहिल्यांदा आतली रिंग बदलली, दुसऱ्यांदा फोर्क, तिसऱ्यांदा बेअरिंग. दर वेळी विपुल चालवायला आणि खंडेराव शेजारी असे दोघं ट्रायलला जायचे, रेल्वेच्या पुलावर चार वेळा चढायचे-उतरायचे. गिअर जागचा हलायचा नाही. आणि चार-पाच दिवसांनी खंडेराव एकटा असताना पुन्हा खट्. तिसऱ्या वेळी विपुल हात पुसत म्हणाला होता, "काका, आता आत बदलायला कायच उरलं नाय. तुमचा हात दांड्यावर राहतो का बघा. एकट्याने चालवताना हात ठेवायची सवय असते माणसाला."

मग भाद्रपदात वाघोबा खिंडीत ती गोष्ट झाली. मनोरकडून भरून येताना, देवळाच्या खालच्या उतारावर गिअर सुटला. गाडी धावली आणि वळणावरच्या कठड्याला घासून थांबली. डावा आरसा गेला, दार चेपलं, खंडेरावला खरचटलंही नाही. पण मागून बोईसरचा एक टेम्पोवाला येत होता. तो ज्ञानेशला ओळखत होता. त्याने ज्ञानेशला गाठून सांगितलं की तुझ्या वडिलांच्या गाडीचे मागचे लाल दिवे वळण येईपर्यंत लागलेच नाहीत. एवढा उतार, गाडी सुसाट, आणि माणूस ब्रेकच दाबत नाही. जरा लक्ष ठेव, असं तो म्हणाला.

ज्ञानेशने ही गोष्ट दोन आठवडे पोटात ठेवली. त्या शुक्रवारी जेवण झाल्यावर, प्रतीक्षा भांडी घेऊन मागे गेली तेव्हा, त्याने ती बाहेर काढली. टेम्पोवाला काय म्हणाला ते सांगितलं. सात दिवस आपण बसलो होतो तेव्हा काही झालं नाही, विपुल बसतो तेव्हा होत नाही, हेही सांगितलं. मग त्याने खाली बघत विचारलं, "आबा, तुम्ही स्वतः काढता का गिअर?"

"नाही," खंडेराव म्हणाला.

"मग फक्त तुम्ही एकटे असतानाच कसा सुटतो?"

खंडेरावने खिळ्यावरच्या किल्लीकडे पाहिलं. उद्यापासून माझी पहिली पाळी आहे, किल्ली खिळ्यावर राहू द्या, एवढंच ज्ञानेश म्हणाला.

रात्रभर खंडेराव आपल्या डाव्या हाताचा विचार करत राहिला. आपण गिअर काढत नाही हे त्याला माहीत होतं. पण आठ महिन्यांत त्याच्या हातून कितीतरी गोष्टी नकळत झाल्या होत्या. दोन कप चहा ओतला जायचा. पाड्यावर गाडी थांबली की तो डाव्या दाराकडे वळून बघायचा. अशा माणसाचा हात दांड्यावर जाऊन तो मागे ओढत असेल तर? गाडी गेली तर जाऊ दे, पण पोराने समोर बसून विचारलेली गोष्ट खरी निघाली तर, या एका विचाराने त्याचा डोळा लागला नाही.

सकाळी साडेपाचला ज्ञानेश कामावर गेला. खंडेराव उठला, तोंड धुतलं आणि खिळ्यावरची किल्ली घेतली.

त्याला जायचंच होतं. आदल्या संध्याकाळी त्याने वाघपाड्याच्या नवसीला फोन करून गाडी आता बंद असं सांगितलं होतं. नवसी पाड्यावरच्या बायकांची पुढारी. ती म्हणाली, असं कसं, सगळ्यांच्या वेलांवर माल लटकतोय, उद्या एकदा या, आम्ही होता नव्हता तेवढा खुडून ठेवतो. आणि खंडेरावने हो म्हटलं होतं. आता बायका पहाटेपासून रस्त्याला येऊन बसल्या असणार.

प्रतीक्षा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने किल्ली पाहिली.

"ज्ञानेशला सांगितलंय, आबा?"

"तू सांग. पण मी मनोरला पोचल्यावर."

"हे माझ्यावर टाकू नका," ती म्हणाली. खंडेराव तसाच निघाला.

जाताना गाडी रिकामी होती. पालघर मागे टाकून तो खिंड चढला. देवळापाशी नेहमीसारखी वाघोबाला एका हाताने नमस्कार केला. पलीकडच्या उतारावर त्याने तिसरा टाकलाच नाही, दुसऱ्यातच गाडी रांगत नेली. मागच्यांनी हॉर्न मारले तरी. डावा हात तो पुन्हा पुन्हा मांडीला पुसत होता.

वाघपाड्याच्या फाट्यावर बायका होत्याच. पण माल पाहून तो चाट पडला. शेवटची फेरी म्हटल्यावर त्यांनी कोवळं-जून काही ठेवलंच नव्हतं. काकड्यांच्या गोणी, शिराळ्यांचे भारे, दुधी, गवारीची गाठोडी. गाडीचा हौदा शिगोशीग भरला. बायका टोमणे मारत होत्या. एकीने विचारलं, पोराने घरात कोंडला म्हणं तुमाला? दुसरी म्हणाली, "मैनाबाय असती तं बसू दिला असता का घरात? पाठीत धपाटा घालून आणला असता." सगळ्या हसल्या. खंडेरावही हसल्यासारखं करून गोणींवर दोर आवळत राहिला.

सगळ्यांचा माल पालघरला वजन करून द्यायला नवसीने बरोबर जायचं होतं. एरवी ती मागे गोणींवर बसायची. आज मागे पाय ठेवायला जागा नव्हती. तिने सरळ पुढचं दार उघडलं.

खंडेराव पुढे कुणाला बसवत नसे. ज्ञानेश आणि विपुल सोडले तर आठ महिन्यांत त्या जागेवर कुणी बसलं नव्हतं. सामानसुद्धा तो तिथे ठेवायचा नाही. तो काही बोलणार होता, तोवर नवसी वर चढली होती. लुगडं आवरून, दोन्ही पाय वर घेऊन तिने सीटवर मांडी घातली. घरी बसावं तशी.

"पाय खाली सोडा, आरामात बसा," तो म्हणाला.

"लोंबते पाय सोडून मला नाय बसता येत. मुंग्या येतात," नवसी म्हणाली.

खंडेरावला उलट बरंच वाटलं. शेजारी माणूस असलं की गिअर सुटत नाही, हे सात दिवसांत पक्कं झालं होतं. भरली गाडी खिंडीतून उतरवायची तर दुसऱ्यात इंजिन तापतं, तिसराच हवा. नवसी आहे म्हणजे तिसरा राहील, असं त्याने मनात धरलं.

चढाला फोन वाजला. ज्ञानेश. प्रतीक्षाने सांगितलं होतं तर. फोन वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. नवसी म्हणाली, उचला की. खंडेराव म्हणाला, उतरल्यावर. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा गाडी देवळाशी आली होती आणि उतार सुरू झाला होता.

त्याने तिसरा टाकला. दांडा पुढे गेला, इंजिनाने गाडीला धरलं. खंडेरावने डावा हात दांड्यावरून उचलला आणि मुद्दाम स्टिअरिंगवर ठेवला. दोन्ही हात समोर, डोळ्यांना दिसतील असे. आता हात काय करतो ते बघू, असं तो स्वतःशीच म्हणाला.

पहिलं वळण नीट गेलं. नवसी गवारीच्या बियाण्याबद्दल काही सांगत होती. दुसऱ्या वळणाच्या अलीकडे रस्ता सरळ आणि तीव्र आहे. तिथे इंजिनाचा आवाज जरा चढला, आणि—

खट्.

दांडा न्यूट्रलला उभा होता. खंडेरावचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

गाडी एकदम हलकी झाल्यासारखी सुटली. खंडेरावने ब्रेक दाबला. वेग जरा मोडला, पण मागचा भार ढकलत होता. त्याने क्लच दाबून दांडा पुढे लोटला; तो अर्धा जाऊन परत हाताला आला. पुन्हा लोटला, पुन्हा परत. समोर वळणातून एसटी वर येत होती, तिने रस्त्याचा मधला भाग घेतला होता. ब्रेकचा वास नाकात आला. नवसीने समोरची पट्टी दोन्ही हातांनी धरली. ती ओरडली नाही. खंडेरावने तिसऱ्याचा नाद सोडला, ॲक्सिलरेटरला एक जोराचा झटका दिला आणि दांडा मागे ओढून दुसऱ्यात कोंबला. गिअर करकरला, गाडीने मानेला हिसका दिला आणि इंजिन किंचाळलं. एसटी वीतभर अंतराने गेली. त्याने हँडब्रेक ओढत गाडी डाव्या अंगाला, डोंगराच्या बाजूच्या चरात घातली. चाक दगडाला लागलं. गाडी थांबली.

मागून दोन-तीन काकड्या सुटून रस्त्याने गडगडत गेल्या.

खंडेरावचा पाय अजून ब्रेकवर होता. तो नवसीकडे वळून म्हणाला, "लागलं का कुठे?"

नवसी दांड्याकडे बघत होती. "तो आपसूक आला," ती म्हणाली. "तुमचा हात वर होता. मी पाह्यला. तो आपसूक मागं आला."

इतक्या महिन्यांत हे त्याला कुणीतरी पहिल्यांदा सांगत होतं.

उतारावर गाडी उभी आहे, गिअरमध्ये ठेवलेली बरी, म्हणून त्याने क्लच दाबून दांडा पुढे पहिल्यात लोटला. तो पुरता जाईना. तळहाताला मागे ढकलल्यासारखं होत होतं. इतक्यात नवसीने उतरण्यासाठी मांडी मोडली आणि दोन्ही पाय खाली टेकवले. आणि खंडेरावच्या हाताखाली दांडा दोन बोटं पुढे सरकला आणि टक् करून बसला.

त्याने खाली पाहिलं.

"नवसी, पाय उचला," तो म्हणाला.

"आता?"

"उचला. वर घ्या."

तिने पाय वर घेतले. खालचा बेल्ट डाव्या बाजूने हळूहळू उठला. पत्र्यापासून चार बोटं वर आला. तो उठताना मधला भाग ओढला गेला, आणि दांड्यासाठी पाडलेल्या भोकाची पुढची कड दांड्याला येऊन भिडली. दांडा खंडेरावच्या हाताला मागे रेटू लागला.

"ठेवा पाय."

बेल्ट बसला. दांडा पुढे गेला.

असं त्याने पाच वेळा करायला लावलं. सहाव्या वेळी नवसी म्हणाली की मी काय शिवणाचं मशीन आहे का. मग ती उतरली आणि रस्त्यावरच्या काकड्या वेचायला गेली.

खंडेराव तसाच बसून राहिला. बेल्ट कारखान्यात वर्षानुवर्षं रुळावर फिरलेला. त्याचा बाक मोडत नाही. मैनाबाईने तो अंथरला तेव्हा भोक मुद्दाम लहान पाडलं होतं, खालून धूळ आणि धग येऊ नये म्हणून. ती बसायची, तिचे पाय त्यावर असायचे, तो कधी उठला नाही. ती गेल्यावर महिनाभर गाडी उन्हात राहिली आणि बेल्ट पुन्हा मूळच्या वळणावर गेला. त्यानंतर त्या जागेवर पाय ठेवायला कुणी नव्हतं. ज्ञानेश बसला की त्याचे पाय. ट्रायलला विपुल चालवायचा तेव्हा खुद्द खंडेरावचेच पाय. गिअरबॉक्स उतरवताना विपुल बेल्ट काढून बाहेर फेकायचा, आणि काम झालं की खंडेराव तो पुसून, मैनाबाईने जसा बसवला होता अगदी तसा परत बसवायचा. तिन्ही वेळा त्याने स्वतः बसवला होता.

फोन वाजला. या वेळी त्याने उचलला. कुठे आहे ते सांगितलं. ज्ञानेश म्हणाला, हलू नका. तो पालघरपर्यंत येऊन पोचला होता.

वीस मिनिटांत त्याची मोटरसायकल आली. अंगावर कारखान्याचा गणवेश तसाच. त्याने चरात गेलेलं चाक पाहिलं, रस्त्यावरचा काळा ओरखडा पाहिला. बोलायला सुरुवात केली ती थांबेचना. काल काय ठरलं, आज काय केलं, बरोबर बाईमाणूस होतं, प्रतीक्षा तिकडे रडतेय. खंडेरावने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बस आत. डावीकडे."

ज्ञानेश बसला. खंडेरावने इंजिन बंदच ठेवून दांडा तिसऱ्यात टाकला आणि त्याला पाय वर घ्यायला सांगितलं. ज्ञानेशने ते काय आहे न कळताच पाय उचलले. बेल्ट उठला. दांडा मागे आला. ज्ञानेशने पाय ठेवले, पुन्हा उचलले. मग वाकून बेल्टची कड हाताने दाबून पाहिली, सोडून पाहिली. बराच वेळ तो वाकलेलाच होता.

"आईने कापलेला हा," तो म्हणाला.

"तिची काही चूक नाही."

"नाही, तसं नाही म्हणत." तो वर झाला. "मी तुम्हाला काय काय विचारलं काल."

नवसी मधेच येऊन सांगून गेली की तिने डोळ्यांनी पाहिलंय, तुझ्या आबांचा हात दांड्यावर नव्हता. ज्ञानेशने मान हलवली. आता सगळं मिटल्यासारखं होतं. किल्ली आपल्याकडेच राहणार हे खंडेरावला कळलं होतं. बेल्ट काढायचा, चाक चरातून बाहेर घ्यायचं, आणि पालघर गाठायचं. ज्ञानेश खाली उतरला, दोन पावलं गेला आणि परत आला.

"मग त्या दिवशी ब्रेक?" त्याने विचारलं. आवाजात संशय नव्हता. उत्तर काहीतरी सोपं असणार अशा भरवशाने त्याने विचारलं होतं. "टेम्पोवाल्याला दिसलं नसेल. का दिवेच गेले होते?"

दिवे गेले होते, असं म्हणणं सोपं होतं. त्या अपघातानंतर विपुलने मागची वायर बदललीही होती. ज्ञानेशने लगेच मानलं असतं. खंडेराव स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या वळणाकडे बघत राहिला.

"दिवे ठीक होते," तो म्हणाला. "मी दाबला नाही."

"सुचलं नाही?"

"सुचलं. पाय ब्रेकवर होता. दाबला नाही. कठडा दिसला तेव्हा दाबला."

रस्त्याने एक डंपर खाली गेला. त्याचा आवाज दूर जाईपर्यंत ज्ञानेश दाराला धरून उभा राहिला.

"गिअर मी काढला नव्हता," खंडेराव म्हणाला. "तो सुटला. पण सुटल्यावर मला वाटलं, राहू दे. थोडा वेळच वाटलं. किती ते सांगता येत नाही."

"आणि आज?"

"आज नवसी शेजारी होती. पाय आपला आपण गेला."

"एकटे असता तर?"

खंडेरावने विचार केला. "दाबला असता असं वाटतं. पण छातीवर हात ठेवून नाही सांगत."

ज्ञानेश रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसला. खंडेरावने बेल्टची कड धरून तो ओढायला घेतला. दांड्याच्या मुठीवरून तो निघेना, भोक खरंच लहान होतं. मूठ फिरवून काढली, तेव्हा बेल्ट वर आला. त्याची गुंडाळी आपोआप झाली. ती त्याने गोणींच्या फटीत मागे खोचली. खालचा पत्रा उघडा पडला. त्याच्यावर हात ठेवला तर चटका बसत होता. नवसीने लांबून हाक मारून सांगितलं की काकड्या उन्हात शिजतील, तुमचं बोलणं घरी जाऊन करा.

ज्ञानेश उठला. खिडकीतून हात घालून त्याने किल्ली काढून घेतली.

"ही माझ्याकडे राहील," तो म्हणाला. "रोज सकाळी मी विचारणार. आज ब्रेक दाबाल का, म्हणून. तुम्ही खरं सांगायचं. हो म्हणालात तर किल्ली देईन. नाही म्हणालात तर मी येईन बरोबर, नाहीतर गाडी उभी राहील."

"तुझी पहिली पाळी असते."

"साडेचारला उठवीन."

"आणि मी खोटं बोललो तर?"

"आज बोलला असता तर मला कळलं नसतं," ज्ञानेश म्हणाला. "पण बोलला नाहीत." त्याने किल्ली मुठीत धरली होती, ती मूठ दारावर ठेवली. "तर आज विचारतो. आज दाबाल?"

खंडेरावने समोर पाहिलं. पुढे खिंडीचा अर्धा उतार बाकी होता.

"आज तू चल बरोबर," तो म्हणाला.

ज्ञानेशने मोटरसायकल वर देवळापाशी नेऊन लावली आणि चालत खाली आला. नवसीला मधे सरकावं लागलं. पत्रा पोळतोय, तुमच्या बुटांचं बरं आहे, अशी तिची कुरकुर सुरू झाली. ज्ञानेशने हात लांबवून किल्ली लावली, पण फिरवली नाही. ती खंडेरावने फिरवली.